किनारी किल्ल्यांच्या विश्वस्तांना खुले पत्र: अभियंत्यांनी लिहून ठेवलेले तुम्ही खोडू नका

प्रति,
अमेरिकेच्या अटलांटिक आणि आखाती किनाऱ्यावरील ऐतिहासिक किल्ल्यांचे विश्वस्त, व्यवस्थापक आणि माहितीफलकांचा मजकूर मंजूर करणाऱ्या समित्यांचे सदस्य यांस,

स. न. वि. वि.

आमच्या किनाऱ्यावरील एका किल्ल्यात या हंगामात नवे माहितीफलक बसवण्यात आले, आणि आम्हा स्वयंसेवक मार्गदर्शकांना फेरीत काय सांगायचे याचा नवा मजकूर देण्यात आला. जुन्या फलकांवर किल्ला कोणी आखला, कोणत्या मजुरांनी उभारला, विटा कुठून आल्या आणि काम इतकी वर्षे का रेंगाळले, याची निदान तोंडओळख होती. नव्या मजकुरात त्या सगळ्याची दोन वाक्ये झाली आहेत आणि दोन्ही वाक्यांत किल्ला जणू आपोआप ‘बांधला गेला’ आहे. उरलेली जागा तोफांना, गणवेशांना आणि वर्धापनदिनाच्या छायाचित्रांना मिळाली आहे. किल्ल्याचे नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण हा दोष एका किल्ल्याचा नाही. मेनपासून लुइझियानापर्यंत पाहिलेल्या अनेक किल्ल्यांत मला हीच काटछाट कमी-अधिक प्रमाणात दिसली आहे, आणि म्हणूनच हे पत्र एका कार्यालयाला न पाठवता सर्वांसमोर ठेवत आहे.

मी व्यवसायाने स्थापत्य अभियंता आहे. जन्म मालवणचा, त्यामुळे समुद्रात उभ्या असलेल्या तटाकडे पाहत वाढलो, आणि नोकरीनिमित्त व्हर्जिनियात आल्यावर सुटीच्या दिवशी किल्ल्यांवर जाण्याची सवय इथेही सुटली नाही. या पत्राची इंग्रजी प्रत संबंधितांना स्वतंत्रपणे पाठवली आहे. मराठीत ते लिहिण्याचे कारण असे की, अमेरिकेत राहणारी आपली कितीतरी कुटुंबे सुटीत मुलांना घेऊन हे किल्ले पाहायला जातात, त्यांना देणग्या देतात, त्यांच्यात अभियंत्यांची संख्या मोठी आहे, आणि तरीही हा किल्ला कोणी बांधला, असे तिथल्या खिडकीवर विचारणारे फार थोडे असतात.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. ज्या लष्करी अभियंत्यांनी हे किल्ले आखले, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिश सैन्याने वॉशिंग्टन जाळले. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, १३ आणि १४ सप्टेंबरला, बाल्टिमोरच्या फोर्ट मॅकहेन्रीने रात्रभर तोफगोळ्यांचा मारा सोसून शहर वाचवले. एकाच उन्हाळ्यात मिळालेल्या या दोन धड्यांतून देशाने ठरवले की बंदरांचे रक्षण घाईघाईत उभारलेल्या मातीच्या मोर्चांवर सोडता येणार नाही. १८१६ मध्ये तटबंदीसाठी अभियंत्यांचे मंडळ नेमले गेले आणि नेपोलियनच्या सेवेत राहिलेल्या सिमॉन बर्नार या फ्रेंच अभियंत्याला त्यासाठी मुद्दाम बोलावण्यात आले. परक्या माणसाला आपल्या शेजारी बसवल्याचा अपमान अमेरिकी अधिकाऱ्यांना इतका लागला की मुख्य अभियंता जोसेफ स्विफ्ट १८१८ मध्ये आणि मंडळाचे सदस्य विल्यम मॅक्री १८१९ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले. हे स्विफ्ट म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीचे १८०२ मधले पहिले पदवीधर. मानापमानाचे हे नाट्य एकाही नव्या फलकावर नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते, कारण शाळेतल्या मुलांना ते तोफेच्या व्यासापेक्षा नक्की जास्त आवडले असते.

जे मागे राहिले त्यांत जोसेफ टॉटन होते. बर्नार १८३१ मध्ये फ्रान्सला परतले. टॉटन १८३८ मध्ये मुख्य अभियंता झाले आणि १८६४ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या पदावर राहिले. किनाऱ्यावर जी सुमारे चाळीस विटा-दगडांची बांधकामे या काळात उभी राहिली, त्यांच्यावर या एका माणसाच्या बुद्धीची छाप आहे. जलरोधक चुन्याच्या मसाल्यावर त्यांनी स्वतः प्रयोग केले. तोफेच्या खिडकीतून शत्रूचा गोळा आत येऊ नये म्हणून ती किती अरुंद करता येईल, भिंतीत लोखंड बसवल्यास ती किती मारा सोसते, हे त्यांनी १८५२ ते १८५५ या काळात वेस्ट पॉइंटला नमुन्याच्या भिंती बांधून आणि त्यांवर प्रत्यक्ष तोफा डागून तपासले. आपल्याच रचनेवर तोफ डागून तिचे दोष छापील अहवालात मांडणारा हा माणूस होता. त्याच्या किल्ल्यांची माहिती देताना दोष झाकले जावेत, हे मला विशेष खटकते.

आता माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार. बांधणाऱ्या माणसांना तुम्ही मजकुरातून काढून टाकले आहे. दक्षिणेकडचे बहुतेक किल्ले गुलामीत ठेवलेल्या माणसांच्या श्रमावर उभे राहिले, आणि हे कोणा आधुनिक अभ्यासकाचे मत नव्हे. ते लष्करी अभियंत्यांनी स्वतः ठेवलेल्या हिशेबात आहे. अभियंता अधिकारी मालकांकडून माणसे भाड्याने घेत, काम त्या माणसांकडून करून घेत आणि सरकारी तिजोरीतून पैसे मालकाला देत. मजूरपटात मजुराचे नाव असे आणि पैसे उचलणाऱ्या मालकाचेही. अधिकाऱ्याला हिशेब वॉशिंग्टनला पाठवायचा होता, म्हणून त्याने ते नेटके लिहिले. वेस्ट पॉइंटच्या शिस्तीत तयार झालेल्या या लोकांनी कागद फेकले नाहीत, आणि मुख्य अभियंत्याच्या कार्यालयाची ती दफ्तरे आज राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

फ्लोरिडातील पेन्साकोलाच्या फोर्ट पिकन्सचे उदाहरण घ्या. १८२९ ते १८३४ या काळात दोन कोटींहून अधिक विटांचा हा किल्ला कॅप्टन विल्यम चेस यांच्या देखरेखीखाली भाड्याने घेतलेल्या गुलामांनी उभारला. चेस पुढे लष्कर सोडून पेन्साकोलात स्थायिक झाले, आणि जानेवारी १८६१ मध्ये, अमेरिकेतील यादवी युद्धाच्या तोंडावर, फ्लोरिडाने संघराज्याशी नाते तोडल्यावर त्या राज्याच्या सैन्याचे प्रमुख म्हणून, स्वतःच बांधलेला हा किल्ला आपल्या स्वाधीन करावा, अशी मागणी घेऊन आले. आतल्या अधिकाऱ्याने ती नाकारली. एवढी मोठी विसंगती एकाच माणसाच्या आयुष्यात सापडत असताना, चेस यांचा उल्लेख केवळ ‘कुशल अभियंता’ असा करून पुढे जाणे म्हणजे त्यांच्या कौशल्यावरही अन्याय आहे.

की वेस्टपासून सुमारे ११० किलोमीटर पश्चिमेला, गोड्या पाण्याचा झरा नसलेल्या बेटावर, फोर्ट जेफर्सनचे काम १८४६ मध्ये सुरू झाले. सुमारे १ कोटी ६० लाख विटा लागल्या आणि किल्ला कधीच पूर्ण झाला नाही. विटा, अन्न, लाकूड, माणसे सगळे जहाजाने यायचे. त्या माणसांत की वेस्टच्या मालकांचे गुलाम होते. १८४७ मध्ये त्यांच्यापैकी काही जणांनी बेटावरून होड्या घेऊन पळण्याचा प्रयत्न केला आणि ते पकडले गेले. चहूबाजूंना उघडा समुद्र दिसत असताना कोणी होडी ढकलतो, यावरून त्या कामाच्या जागेविषयी जे कळते, ते तोफांची यादी वाचून कळणार नाही.

सवानाजवळच्या फोर्ट पुलास्कीच्या भिंतीत सुमारे अडीच कोटी विटा आहेत. खालच्या भागातल्या राखाडी विटा सवाना नदीकाठच्या हर्मिटेज मळ्यावर गुलामांच्या हातांनी घडल्या. जिथे जास्त कठीण वीट हवी तिथे बाल्टिमोर आणि अलेक्झांड्रियाहून लालसर विटा मागवल्या गेल्या. चार्ल्सटनच्या परिसरातील जुन्या विटांवर तर घडवणाऱ्यांच्या बोटांचे ठसे आजही दिसतात. उत्तरेकडे चित्र वेगळे होते. ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्टला टॉटन यांनी १८२४ पासून फोर्ट अॅडम्स उभारला, तो आयर्लंडहून आलेल्या मजुरांच्या रोजंदारीवर, आणि त्या गावातली कॅथलिक वस्ती त्याच मजुरांमुळे वाढली. एकाच कार्यालयाचे आराखडे, एकाच धर्तीच्या कमानी, पण एका टोकाला मजूर स्वतःची मजुरी घेऊन घरी जात होता आणि दुसऱ्या टोकाला ती त्याच्या मालकाच्या खिशात पडत होती. हा फरक सांगितल्याशिवाय या किल्ल्यांचा इतिहास सांगितला असे कसे म्हणता येईल?

या बाबतीत मला आमच्या बाजूची एक उणीवही सांगितली पाहिजे. रायगडावर जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचे नाव कोरलेले आहे, त्यामुळे गड उभारणाऱ्याचे नाव प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. पण सिंधुदुर्गाचा तट रचणाऱ्या पाथरवटांची आणि लोहारांची नावे मी शोधू गेलो, तर ती मला मिळणार नाहीत. आमच्याकडे तसे मजूरपट उरले नाहीत, म्हणून आम्हाला गप्प बसावे लागते. तुमच्याकडे ते आहेत, क्रमांक लावून जपलेले आहेत, आणि तरीही तुम्ही गप्प बसायचे ठरवता.

याला जोडून व्हर्जिनियातील फोर्ट मनरोचा उल्लेख करतो, कारण तिथे श्रमाचा हा प्रश्न थेट यादवी युद्धाच्या केंद्रस्थानी आला. १८१९ ते १८३४ या काळात उभा राहिलेला हा देशातील सर्वांत मोठा दगडी किल्ला. त्याच्या बांधकामातही गुलाम राबले, आणि तरुण रॉबर्ट ई. ली यांनी तिथे १८३१ ते १८३४ या काळात अभियंता म्हणून काम केले. मे १८६१ मध्ये फ्रँक बेकर, जेम्स टाउन्सेंड आणि शेपर्ड मॅलरी हे तिघे गुलाम रात्री होडीतून किल्ल्यावर आले. समोरच्या किनाऱ्यावर, स्यूअल्स पॉइंटला, त्यांच्याकडून बंडखोर सैन्यासाठी तोफांचा मोर्चा बांधून घेतला जात होता. त्यांना परत मागायला आलेल्या अधिकाऱ्याला संघराज्याच्या सैन्याचे जनरल बेंजामिन बटलर यांनी नकार दिला. शत्रू ज्यांच्याकडून तटबंदी बांधून घेतो, ते श्रम युद्धसामग्रीत मोडतात आणि म्हणून परत करता येणार नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. माणसाला जप्त मालात गणणारा हा युक्तिवाद ऐकायला कठोर आहे, पण त्याने दार उघडले; पुढच्या काळात हजारो लोक त्या किल्ल्याच्या आश्रयाला आले आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये काँग्रेसने त्या दिशेने कायदा केला. तटबंदी कोण बांधते, हा प्रश्न तेव्हाच्या सेनापतीला किरकोळ वाटला नव्हता. आजच्या फलक-समितीला तो का वाटावा?

दुसरी तक्रार अपयशाविषयी आहे. आम्हाला मिळालेल्या मजकुरात ‘अभेद्य’ हा शब्द वारंवार येतो. या किल्ल्यांपैकी काही खरोखर कधी पडले नाहीत, पण त्या पिढीच्या अभियांत्रिकीची खरी परीक्षा फोर्ट पुलास्कीला झाली आणि तिचा निकाल सर्वांना माहीत आहे. साडेसात फूट जाडीची भिंत होती. साधारण ८०० यार्डांपलीकडून अशा भिंतीला तोफेने भगदाड पाडता येत नाही, हा तोवरचा हिशेब होता, आणि जवळची टायबी बेटाची जमीन त्याच्या दुप्पट अंतरावर होती. हा किल्ला जिथे आहे त्या दलदलीच्या बेटावर १८२९ मध्ये पहिले बांध घालणाऱ्यांत लीच होते, आणि युद्धात दक्षिणेचे सेनापती म्हणून त्यांनी किल्लेदार ऑल्मस्टेड यांना हाच हिशेब सांगितला. समोर संघराज्याच्या बाजूने होते क्विन्सी गिलमोर, तेही वेस्ट पॉइंटहून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडलेले अभियंता. त्यांनी टायबीच्या वाळूत नळीत आटे पाडलेल्या नव्या तोफा बसवल्या. १० एप्रिल १८६२ ला सकाळी मारा सुरू झाला आणि सुमारे तीस तासांत आग्नेय कोपऱ्याला असे भगदाड पडले की त्यातून गोळे पलीकडच्या दारूकोठाराकडे जाऊ लागले. ऑल्मस्टेड यांनी ११ एप्रिलला शरणागती दिली. बांधणारे अभियंते, राखणाऱ्यांना धीर देणारा अभियंता आणि फोडणारा अभियंताही एकाच शाळेचा. अठरा वर्षे राबून उभारलेली रचना दोन दिवसांत कालबाह्य ठरली, तेव्हा टॉटन मुख्य अभियंत्याच्या खुर्चीत होते. त्यानंतर दोनच दिवसांनी, १३ एप्रिलला, जनरल डेव्हिड हंटर यांनी त्या बेटावरील गुलामांना मुक्त केल्याचा हुकूम काढला.

त्या कोपऱ्यातल्या दुरुस्तीच्या विटांचा रंग आजही वेगळा दिसतो, आणि इतर भिंतीत रुतलेले गोळेही तिथे आहेत. अपयश असे उघडे ठेवलेली ती भिंत पाहायला मी पाहुण्यांना मुद्दाम नेतो. ज्या किल्ल्याने हे जपले, तिथे लोक कमी येतात असे मला दिसलेले नाही. ‘अभेद्य’ म्हटले की प्रेक्षक खूश होतो, हा समज निव्वळ आळसातून आला आहे.

तिसरी तक्रार दुरुस्तीची आहे आणि ती मी अभियंता म्हणून करतो. अनेक ठिकाणी विटांच्या दरजा आधुनिक कडक सिमेंटने भरल्या जात आहेत. जुन्या मऊ विटांच्या आणि चुन्याच्या किंवा नैसर्गिक सिमेंटच्या मसाल्याच्या भिंतीत ओल दरजेतून बाहेर पडावी, अशी मूळ योजना असते. दरजा विटेपेक्षा कठीण केली की ओल आणि क्षार विटेतून बाहेर पडू लागतात, विटेचा पापुद्रा सुटतो, आणि काही हंगामांत दरजेची जाळी शिल्लक राहून वीट आत खचते. टॉटन यांनी मसाल्यावर आयुष्यातली वर्षे घालवली. त्यांच्या भिंतीत दुकानातली पहिली दिसेल ती गोणी ओतू नका, एवढेच माझे म्हणणे आहे. लोखंडाची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. तोफेच्या खिडक्यांत बसवलेली लोखंडी चौकट आणि दारे फोर्ट जेफर्सनला खाऱ्या हवेत गंजली, गंज फुगला, त्याने भोवतालची विटांची भिंत फाडली आणि बाहेरचा थर खंदकात कोसळू लागला. जी युक्ती शत्रूच्या गोळ्यासाठी केली, तिनेच भिंत आतून फोडली. हा दोष टॉटन यांचा म्हणता येईल, पण तो वेळीच लक्षात घेऊन लोखंड बाहेर काढण्याचे काम खर्चिक आणि संथ असते, आणि त्याला वर्षानुवर्षे टिकणारा निधी लागतो. उद्घाटनाची फीत कापता येत नाही म्हणून हे काम मागे पडू नये.

समुद्राविषयी थोडक्यात. लुइझियानातील फोर्ट प्रॉक्टर आज पाण्याने वेढला गेला आहे आणि अलाबामातील डॉफिन बेटावर फोर्ट गेन्सच्या समोरची वाळू सतत वाहून जाते. सगळे किल्ले वाचणार नाहीत, हे मला कळते. ज्यांना वाचवता येणार नाही, त्यांची मोजमापे तरी ते उभे असताना घ्यावीत.

मजकूर कमी करताना तुमच्याकडून एक कारण सांगितले गेले, त्याचा विचार मी केला आहे. कुटुंबे सुटीच्या दिवशी येतात, त्यांना अवघड विषय नको असतात, आणि चाळीस मिनिटांत सगळे बसत नाही. वेळेची अडचण खरी आहे. पण तोफ उडवण्याचे प्रात्यक्षिक, गणवेशाची माहिती आणि कैद्यांच्या कोठड्यांतल्या भुतांच्या गोष्टी या सगळ्यांना त्याच चाळीस मिनिटांत जागा मिळते. माझ्या फेऱ्यांत सर्वाधिक प्रश्न मुलांकडून येतात आणि ते बहुतेकदा हेच असतात की एवढ्या विटा उचलल्या कोणी, आणि त्यांना पैसे मिळाले का. या प्रश्नाला नव्या मजकुरात उत्तर नाही, आणि उत्तर देणाऱ्या मार्गदर्शकाला ‘मजकुरापासून दूर जाऊ नये’ अशी सूचना मिळते.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत. प्रत्येक किल्ल्याच्या प्रवेशद्वाराशी, आखणाऱ्या अभियंत्याच्या नावाच्या बरोबरीने, तो बांधणाऱ्या मजुरांची माहिती असावी. मजूरपट उपलब्ध असतील तिथे त्या माणसांची नावे असावीत, आणि मजुरी कोणाला मिळाली हेही लिहावे. मजकूर बदलण्यापूर्वी त्याचा मसुदा निदान साठ दिवस लोकांसमोर ठेवावा आणि त्यावर इतिहासाचे अभ्यासक, मजुरांचे वंशज आणि मार्गदर्शक यांचे म्हणणे लेखी नोंदवावे. जो भाग गाळला जाईल, तो का गाळला याचे कारण एका परिच्छेदात प्रसिद्ध करावे. विटांच्या दुरुस्तीआधी मूळ मसाल्याची चाचणी सक्तीची करावी आणि कंत्राटात तसे कलम घालावे. अभियंत्यांचे मूळ आराखडे आणि पत्रव्यवहार यांच्या डिजिटल प्रती प्रत्येक किल्ल्यावर पाहायला मिळाव्यात. आणि मार्गदर्शकाने अभिलेखांवर आधारलेले उत्तर दिल्यास त्याला अडवले जाणार नाही, असे लेखी आश्वासन द्यावे.

यातली शेवटची मागणी खर्चाची नाही आणि तिला निविदाही काढावी लागत नाही; ती याच महिन्यात पूर्ण करता येईल. तोवर मी माझ्या शनिवारच्या फेऱ्या घेत राहीन, आणि कोणी विचारले तर मजूरपटात जे लिहिले आहे ते सांगेन. हे तुमच्या सूचनेच्या विरुद्ध आहे याची मला कल्पना आहे, आणि त्यासाठी मला स्वयंसेवकांच्या यादीतून कमी करायचे असल्यास त्याचे कारणही लेखी द्यावे, ही विनंती.

आपला,
एक स्वयंसेवक मार्गदर्शक आणि स्थापत्य अभियंता
व्हर्जिनिया